नाकासाठी बरगडी

साशंक : नाकाचा आकार बदलून घ्यायला गेलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत एक वाक्य ऐकायला मिळतं, "बाहेरचं काही घालणार नाही, तुमचंच वापरू." ते ऐकलं की माणूस निर्धास्त होतो, आणि माझी हरकत तिथूनच सुरू होते. 'तुमचंच' म्हणजे कुठलं? नाकाच्या आतल्या पडद्यातलं, कानामागून काढलेलं, की छातीवर छेद देऊन बरगडीतून कापलेलं? या तिन्हींत फार अंतर आहे आणि 'तुमचंच' हा शब्द ते सगळं अंतर झाकून टाकतो. एखाद्या विशीतल्या मुलीचा विचार करा. श्वास व्यवस्थित चालतो, मार लागलेला नाही, आजार नाही. नाक बसकं आहे, एवढंच. ते उंच करायला सहाव्या किंवा सातव्या बरगडीची कूर्चा काढायची. पुढे कित्येक दिवस खोकताना, हसताना, कूस बदलताना छाती दुखणार. फुप्फुसाच्या आवरणाला इजा होऊन छातीत हवा शिरायचा धोका, थोडा का होईना, आहेच. आणि छातीवर कायमचा व्रण. शरीराचा एक निरोगी भाग कापायचा आणि त्यातून दुसऱ्या निरोगी भागाला वेगळा आकार द्यायचा, याला वैद्यकाच्या कुठल्या हेतूत बसवायचं, ते मला समजत नाही.

आग्रही : त्या जखमेचं मी काही कमी करून सांगणार नाही. बरगडीचं दुखणं नाकाच्या दुखण्यापेक्षा जास्त असतं, हे रुग्णच सांगतात. पण सर्जन त्या बरगडीपर्यंत आले कसे, ते पाहायला हवं. हौसेने कोणी तिथे गेलेलं नाही. बाहेरचं घालून पाहण्याचे कितीतरी मार्ग चोखाळून झाले आहेत. न्यू यॉर्कच्या रॉबर्ट वीर या सर्जनने १८९२ साली बसलेल्या नाकात बदकाच्या छातीचं हाड बसवल्याची नोंद आहे. ते टिकलं नाही. बर्लिनचा जॅक योसेफ, ज्याला या शास्त्राचा आधुनिक प्रवर्तक मानतात, त्याने हस्तिदंत वापरून पाहिला. व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनीने शरीरात पॅराफिन टोचायची पद्धत १८९९ साली आणली आणि बघता बघता ती नाकासाठी लोकप्रिय झाली. चिरफाड नाही, टाके नाहीत, पातळ केलेलं मेण सुईने सोडायचं, आणि नाक तिथल्या तिथे उंच. काही वर्षांनी त्या मेणाच्या कठीण गाठी झाल्या, ते पापण्यांकडे, गालांकडे सरकलं, कातडी फुटली. काहींची दृष्टीही गेली. लोक ज्या सोपेपणावर भुलले होते, त्याच सोपेपणाने त्यांचे चेहरे कायमचे बिघडवले.

नाक ही परक्या वस्तूसाठी मुळातच वाईट जागा आहे. मांडीत किंवा नितंबात एखादी वस्तू बसवली तर तिच्यावर मांस असतं, चरबी असते. नाकाच्या शेंड्यावर कातडी ताणलेली, आणि खाली लगेच ती वस्तू. आतल्या बाजूला जंतूंनी भरलेली पोकळी, मध्ये पातळ अस्तर. त्यात नाक हा चेहऱ्याचा सगळ्यात पुढे आलेला भाग. मूल डोकं आपटतं, बसमध्ये कोणाचं कोपर लागतं. सिलिकॉनला शरीर कधीच आपलंसं करत नाही, त्याच्याभोवती एक वेष्टण तयार करून त्याला वेगळं ठेवतं. दहा-पंधरा वर्षं काही होत नाही, आणि मग शेंडा लाल होतो, कातडी पातळ होते आणि आतलं सिलिकॉन दिसू लागतं. सच्छिद्र पॉलिएथिलीनच्या छिद्रांत ऊती वाढतात, त्यामुळे ते हलत नाही. पण त्याला जंतुसंसर्ग झाला की त्याच कारणाने ते काढणं जिकिरीचं होतं.

कूर्चेचं तसं नाही. तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात. तिच्या पेशी आजूबाजूच्या द्रवातून झिरपणाऱ्या पोषणावर जगतात. म्हणून स्नायूचा जाड तुकडा एका जागेवरून सोडवून दुसरीकडे ठेवला तर मरेल, पण कूर्चेचा तुकडा जगतो. शरीर तिला परकं मानत नाही. शेंड्याजवळ जंतू पोहोचले तरी ती पुष्कळ वेळा तग धरते. निसर्गाने असे पदार्थ फार थोडे दिलेले आहेत.

साशंक : जगतो हे मान्य. पण नेमून दिल्यासारखा राहतो का? परकी वस्तू आपला आकार बदलत नाही. जिवंत वस्तू बदलते. बरगडीची कूर्चा सरळ कापून ठेवली की ती वाकते, ओल्या लाकडाची फळी वाळताना वाकते तशी. तिच्या बाहेरच्या थरात ताण असतो आणि गाभ्यात त्याविरुद्धचा दाब. एका बाजूने तासलं की तो तोल सुटतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर सरळ दिसलेली नाकाची दांडी सहा महिन्यांनी एका बाजूला झुकते. वय वाढलं की त्याच कूर्चेत चुना साठतो, ती ठिसूळ होते आणि घडवायला घेतली की तुटते. कानाची कूर्चा कमी उपद्रवाने मिळते, कानाचा आकारही फारसा बदलत नाही, पण ती मुळातच वाटीसारखी वळलेली. नाकपुडीच्या कडेला ती शोभते, सरळ दांडीला चालत नाही. पडद्याची कूर्चा सरळ असते, पण थोडी. तीही सगळी काढता येत नाही. वरची आणि पुढची निदान एक सेंटिमीटरची पट्टी जागेवर ठेवावीच लागते, नाहीतर नाकाचा आधार जातो आणि उंच करायला घेतलेलं नाक मधोमध खचतं. म्हणजे स्वतःच्या ऊतीपैकी एक पुरत नाही, एक सरळ होत नाही आणि एक सरळ राहत नाही. याला तुम्ही निसर्गाची देणगी म्हणता?

आग्रही : दोष तुम्ही बरोबर सांगितलेत. पण हे दोष ज्यांनी ओळखले, त्यांनी पुढचं कामही केलं. गिब्सन आणि डेव्हिस यांनी १९५८ साली कूर्चा का वाकते हे शोधून काढलं आणि उपायही सांगितला : तुकडा गाभ्यातून घ्या, दोन्ही बाजूंनी सारखा तासा, म्हणजे ताण एकमेकांना तोलून धरतील. आजही सर्जन तुकडा कापल्यावर तो सलाईनमध्ये काही वेळ ठेवतात, वाकतो का बघतात आणि मगच नाकात घालतात. दुसरी वाट म्हणजे वाकण्याची शक्यताच ठेवायची नाही : कूर्चेचे अर्धा ते एक मिलिमीटरचे बारीक तुकडे करायचे आणि ते गुंडाळून बसवायचे. तुर्कस्तानच्या ओनुर एरोलने २००० साली ही पद्धत मांडली तेव्हा तुकडे गुंडाळायला रक्तस्राव थांबवणारं विरघळणारं कापड वापरलं होतं. चार वर्षांनी डॅनियल आणि कॅल्व्हर्ट यांनी दाखवलं की त्या कापडात कूर्चा विरून जाते, पण कानशिलावरच्या स्नायूचा पातळ पापुद्रा काढून त्यात गुंडाळली तर टिकते. हा शोध मला फार मोलाचा वाटतो, कारण परकं आणि स्वतःचं यांची तुलना इथे एकाच शस्त्रक्रियेच्या आत झाली. कूर्चा तीच, तुकडे तेवढेच, फक्त वेष्टण वेगळं.

आणि याची मुळं आपल्या मातीत आहेत, हे विसरून चालणार नाही. सुश्रुतसंहितेत कापलेलं नाक घडवायची रीत आहे. झाडाच्या पानाने नाकाचं माप घ्यायचं, तेवढी कातडी गालावरून उचलायची, देठ जोडलेला ठेवायचा, नाकपुड्यांसाठी दोन नळ्या बसवायच्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस हेच काम पुण्याजवळ चालू होतं. कावसजी नावाचा मराठा शेतकरी, इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायच्या कामावर होता. १७९२च्या युद्धात तो टिपूच्या हाती लागला, त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराहून जास्त काळ तो तसाच राहिला. मग विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनमध्ये ऑक्टोबर १७९४च्या अंकात याची हकीकत छापली आहे, जेम्स वेल्सच्या चित्रावरून केलेल्या कोरीव चित्रासह. मेणाची पातळ पट्टी नाकाच्या खुंटावर बसवून नाक घडवायचं, ती चपटी करून कपाळावर ठेवायची, तिच्याभोवती रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची, भुवयांमध्ये एक पट्टी जोडलेली ठेवायची. मग ती कातडी अर्धी पिळून खाली आणायची. सांधा धरायला पाण्यात भिजवलेला कात. चार दिवसांनी तुपात बुडवलेली फडकी. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापायची. तो मजकूर वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूने मृतदेहांवर सराव केला, १८१४ साली प्रत्यक्ष शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. युरोपला 'हिंदुस्थानी रीत' म्हणून कपाळाची कातडी मिळाली ती पुण्यावरून. ज्या माणसाने ते नाक केलं त्याचं नावसुद्धा त्या मजकुरात नाही, याची मला खंत वाटते. स्वतःच्याच शरीरातून घेऊन स्वतःलाच द्यायचं, ही दृष्टी त्याच्याजवळ होती.

साशंक : कावसजीची हकीकत मलाही हलवून सोडते. पण म्हणूनच ती इथे आणू नये असं वाटतं. त्याचं नाक शत्रूने कापलेलं होतं. नाक कापणं ही शिक्षा होती, बेअब्रू होती. जे हिरावून घेतलं ते परत मिळवायला कपाळावर व्रण घेणं कोणालाही पटेल. तराजूच्या एका पारड्यात व्रण, दुसऱ्यात अख्खा चेहरा. आज ज्या मुलीबद्दल आपण बोलतोय तिच्या पारड्यात काय आहे? कोणीतरी तिला नकटी म्हणालं, एवढंच. आणि केवळ कातडीने केलेली ती जुनी नाकं काळाच्या ओघात आकसत, खचत, कारण आत अस्तर नव्हतं आणि आधाराला कूर्चा नव्हती. परंपरेचा आधार घ्यायचा तर तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दुरुस्तीच्या पुण्याईवर सौंदर्याचा धंदा उभा राहतो, याचा मला त्रास होतो.

आग्रही : दुरुस्ती आणि सौंदर्य यांच्यातली सीमारेषा तुम्ही सांगता तितकी ठळक मला कधी दिसली नाही. कुष्ठरोगात जंतू नाकाच्या आतलं अस्तर आणि पडद्याची कूर्चा खातात, नाक खचतं. औषधाने रोग बरा होतो, जंतू मरतात, श्वासही चालतो. पण खचलेलं नाक बघून लोक त्या माणसाला दारात उभं करत नाहीत. डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात अशा रुग्णांवर काम केलं. त्यांचे गुरू हॅरॉल्ड गिलीज यांची पद्धत अशी की आत आकसलेलं अस्तर मोकळं करायचं, रुग्णाच्याच कातडीचं नवं अस्तर लावायचं, मग नाकाला आधार द्यायचा. हे दुरुस्तीत धरायचं की सौंदर्यात? शरीराच्या कामकाजाच्या दृष्टीने ते नाक 'चालत' होतं. ते फक्त दिसायला वेगळं होतं, आणि त्या दिसण्याने माणूस गावाबाहेर राहत होता.

योसेफकडे १८९८ साली जो तरुण आला, त्याचं नाक मोठं होतं. रोग नव्हता. लोक टक लावून बघतात म्हणून त्याने माणसांत जाणं सोडलं होतं. शस्त्रक्रियेनंतर त्याची उदासी गेली, असं योसेफने बर्लिनच्या डॉक्टरांसमोर मांडलं. तुमच्या त्या मुलीला कोणीतरी नकटी म्हटलं, एवढंच, असं तुम्ही म्हणालात. 'एवढंच' हे माप कोण ठरवणार? दहा वर्षं रोज ऐकलं तरी ते 'एवढंच' राहतं का? आणि आपल्याकडे सर्रास जे होतं ते बघा. नाकाचं हाड वाढलंय म्हणून माणूस कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जातो. पडदा वाकलेला असतो, तो सरळ करायचाच असतो, त्यातून कूर्चा निघतेच. त्याच भूलीत, त्याच छेदातून ती शेंड्याला आधार म्हणून लावली, तर त्यातला कितवा टाका दुरुस्तीचा आणि कितवा हौसेचा, ते सांगता येईल?

साशंक : ते सांगता येणार नाही, आणि तिथे मी आग्रह धरत नाही. पडदा वाकलेलाच आहे, कूर्चा निघणारच आहे, तर ती वाया घालवण्यापेक्षा लावलेली बरी. पण यातून एक गोष्ट उलट स्पष्ट होते. ऊतीचं स्वतःचं असणं हा मुद्दा त्या ठिकाणी गौण आहे. मुद्दा हा की तिच्यासाठी वेगळी जखम करावी लागली नाही.

आता स्वतःच्याच ऊतीचं दुसरं उदाहरण घ्या. पोटाची किंवा मांडीची चरबी काढून ती सुईने नाकात, भुवयांच्या मध्ये टोचतात. तीही 'तुमचीच'. शरीर तिला नाकारत नाही. पण नाकावरच्या बारीक धमन्या डोळ्याच्या धमनीला जोडलेल्या आहेत. चरबी दाबाने चुकून अशा धमनीत शिरली की ती उलट्या दिशेने जाऊन दृष्टिपटलाचं रक्त बंद करते. माणूस त्याच क्षणी एका डोळ्याने आंधळा होतो, आणि चरबी विरघळवता येत नाही. पॅराफिनने जे केलं तेच इथे माणसाच्या स्वतःच्या चरबीने केलं. मग 'स्वतःचं म्हणून सुरक्षित' हे समीकरण कुठे राहिलं? शरीर नाकारणार नाही, एवढ्या एकाच धोक्याला ते उत्तर आहे. बाकीचे धोके जिथे होते तिथेच राहतात, आणि रुग्णाला मात्र वाटतं की सगळे गेले.

त्यापुढचं. हा साठा संपणारा आहे. पडद्यातली कूर्चा एकदा काढली की पुन्हा येत नाही. पंचविसाव्या वर्षी हौसेसाठी पडदा रिकामा केला, आणि चाळिसाव्या वर्षी अपघातात नाक मोडलं, तर दुरुस्तीला काय उरलं? दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांची हीच कथा असते : पडदा संपला, एक कान संपला, दुसरा संपला, आता बरगडी. तुम्ही ज्याला स्वतःचं म्हणता ते त्या माणसाच्या म्हातारपणाचंही आहे. पंचविशीतल्या बाईने पन्नाशीतल्या स्वतःच्या वाट्याचं खर्च करायचं, आणि पन्नाशीतल्या बाईला मत मांडायला जागा नाही. सिलिकॉन निदान काढून टाकता येतं. मन बदललं, उपसलं, नाक पूर्ववत.

आग्रही : चरबीचं मी पूर्ण मानतो. टोचण्याच्या पद्धतीत धोका सुईत आणि दाबात असतो. भरलेला पदार्थ कोणाचा, याने तो टळत नाही. 'स्वतःचं' हा शब्द तिथे फसवा आहे आणि तो वापरणाऱ्यांना जाब विचारला पाहिजे. साठ्याचंही बरोबर आहे. पण सिलिकॉन उपसलं की नाक पूर्ववत, हे खरं नाही. जंतुसंसर्ग होऊन सिलिकॉन काढावं लागलं की त्याच्याभोवतीचं वेष्टण आकसतं, नाक आखूड होतं, शेंडा वर ओढला जातो, नाकपुड्या समोरून दिसू लागतात. कातडी पातळ झालेली, ताणायला तयार नाही. आणि असं आकसलेलं नाक पुन्हा लांब करायला काय लागतं? बरगडी! ज्या बरगडीला टाळायचं म्हणून सिलिकॉन घेतलं, तीच शेवटी, अधिक वाईट परिस्थितीत, घ्यावी लागते. कोरियात या शस्त्रक्रिया फार होतात. तिथे कातडी तुलनेने जाड, पडद्याची कूर्चा बऱ्याचदा लहान. तिथल्या अनेक सर्जनांनी मधली वाट काढली आहे. दांडीवर सिलिकॉन, कारण तिथे हाडाचा आधार आहे, आणि शेंड्यावर कानाची किंवा पडद्याची कूर्चा, कारण कातडी फुटते ती शेंड्यावर. ज्याला त्यातलं कळतं त्याच्यासाठी हा वाद तत्त्वाचा राहत नाही. नाकाच्या कुठल्या भागात किती ताण, तिथे काय टिकेल, असा इंचाइंचाचा विचार तो करतो.

म्हणून मी माझं म्हणणं थोडं बदलून मांडतो. स्वतःच्या ऊतीत किंमत आधी मोजावी लागते, लगेच, ठरलेली, दुसऱ्या जागी : छातीत दुखणं, कानामागचे टाके, जास्त वेळ भूल, जास्त खर्च. सिलिकॉनमध्ये किंमत पुढे ढकललेली असते. ती कदाचित कधीच मागितली जाणार नाही. मागितली गेली तर नाकावरच, आणि केव्हा ते ठाऊक नाही. मला पहिला व्यवहार अधिक प्रामाणिक वाटतो.

साशंक : ही मांडणी मला पटण्याजोगी आहे. धोका कोण पत्करतो, कुठे आणि केव्हा, असा प्रश्न केला की 'आपलं' आणि 'परकं' हे शब्द मागे पडतात. पण मग दुसऱ्या अर्थाने 'आपलं' कोणतं, ते विचारायला हवं. कूर्चा तिची. नाकाचा आकार कोणाचा? ती येते तेव्हा तिच्या मोबाइलमध्ये एका नटीचा फोटो असतो किंवा अॅपने बदललेला स्वतःचाच चेहरा. डॉक्टर संगणकावर नाक बदलून दाखवतो. घरचे म्हणतात, स्थळं बघायच्या आधी उरकून टाकू, दोन महिन्यांवर लग्न आहे. शेंड्याची सूज उतरायला वर्ष लागतं, हे कोणी ऐकून घेत नाही. 'चाफेकळी नाक' हे माप आजीने, स्थळं सुचवणाऱ्यांनी, जाहिरातींनी मिळून ठरवलेलं. त्या मापासाठी बरगडी मात्र तिची. परकी वस्तू शरीरात घालू नये याची एवढी काळजी घेणारे आपण, परकी इच्छा शरीरात कोरली जाते तेव्हा गप्प का राहतो? योसेफकडे बर्लिनमधले कितीतरी ज्यू लोक नाक लहान करायला येत. ते त्यांना हवं होतं, यात शंका नाही. त्यांना ते हवंसं वाटावं अशी परिस्थिती त्या शहराने करून ठेवली होती, यातही शंका नाही. पुढे त्या शहरात ज्यूंचं काय झालं ते आपण जाणतो. लहान केलेल्या नाकाने कोणाला वाचवलं?

आग्रही : हा तुमचा सगळ्यात खोल घाव आहे आणि मी त्याला उडवाउडवीचं उत्तर देणार नाही. पण तो घाव समाजावर घाला, त्या मुलीवर नको. समाज सुधारेपर्यंत तिने थांबायचं, हे सांगण्याचा अधिकार तुम्हाला किंवा मला नाही. तिचं आयुष्य आज चालू आहे. परकी इच्छा म्हणाल तर कुठली इच्छा पूर्णपणे स्वतःची असते? तिने शिकावं ही इच्छासुद्धा तिच्यात कोणीतरी पेरलीच होती.

मला मात्र असं दिसतं की परकी इच्छा आणि स्वतःची इच्छा वेगळी करायला स्वतःची ऊतीच उपयोगी पडते. सिलिकॉनचा सौदा अर्ध्या-पाऊण तासात होतो. विचार करायला जागाच नाही. बरगडी घ्यायची म्हटलं की तिला विचारावं लागतं : छातीवर एवढा व्रण राहील, इतके दिवस दुखेल, हे तुला चालेल का? लग्नासाठी म्हणून आलेली, दुसऱ्यांनी ढकललेली मुलगी तिथे अडखळते. कानाची कूर्चा पुरेल तेवढंच करा, असं म्हणते, किंवा उठून जाते. जिला खरोखर हवं आहे ती राहते. ती किंमतच इच्छेची पारख करते. म्हणून मला वाटतं की आकाराबद्दल बोलण्याआधी, संगणकावर फोटो दाखवण्याआधी, पहिलं बोलणं ऊतीबद्दल व्हावं : कुठून घेणार, काय उरणार, पुढे लागलं तर काय.

साशंक : पहिलं बोलणं ऊतीबद्दल व्हावं हे मी उचलून धरतो. पण दुखण्याने इच्छेची पारख करायची, हे मला भयंकर वाटतं. बायकांच्या बाबतीत आपण हे फार केलं आहे : सोसलं म्हणजे मनापासून हवं होतं! जिला घरच्यांनी पक्कं ढकललं आहे ती बरगडीही देईल, मुकाट्याने देईल. सोसायची सवय तिला लहानपणापासून लावलेली असते. तुमची गाळणी उलटीही चालू शकते. जी मुलगी अडखळून विचार करू शकते ती आधीच थोडी मोकळी असते. जी अडखळतच नाही तिची काळजी करायला हवी.

आणि समजा ही किंमतच उद्या नाहीशी झाली तर? स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली पाच वृद्ध रुग्णांबद्दल लिहिलं. कर्करोगामुळे त्यांच्या नाकपुडीचा भाग काढावा लागला होता. त्यांच्याच पडद्यातून काही मिलिमीटरचा तुकडा घेऊन, पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांची कूर्चा तयार केली आणि ती बसवली. बरगडीला हात नाही, कानाला नाही. त्या पाच जणांसाठी मी त्याचं स्वागतच करतो. पण उद्या हे महाग राहिलं नाही, मुंबईतल्या कुठल्याही क्लिनिकमध्ये मिळू लागलं, तर संपणाऱ्या साठ्याचा माझा आक्षेप जाईल, आणि तुमची पारखही जाईल. मग त्या मुलीला कोण अडखळवणार? शिवाय त्या पेशी वाढवल्या त्या डुकरापासून मिळवलेल्या कोलॅजनच्या पडद्यावर. महिनाभर प्रयोगशाळेत वाढलेली ती कूर्चा तुमच्या हिशेबात आपली की परकी?

आग्रही : आपली. पेशी तिच्या आहेत, आणि तो पडदा विरून जाईपर्यंत त्या स्वतःचा आधार स्वतः विणतात. त्याबद्दल मला अडचण नाही. अडचण आहे ती तुमच्या आधीच्या प्रश्नाची. किंमत गेली की पारख जाते, हे मला नाकारता येत नाही. सोसण्याला मी संमती समजू लागलो होतो, हेही तुम्ही दाखवून दिलंत. तरीही मी त्या मुलीला परत पाठवणार नाही. तिचा पडदा सरळ असेल, श्वास चांगला असेल, तर पडद्याला हात न लावता आधी कान. दांडी थोडी उंच होईल, तिला हवी तितकी नाही. पडदा तिच्या पुढच्या आयुष्यासाठी राहू दे.

साशंक : आणि ती म्हणाली, एवढं पुरे नाही, बरगडी घ्या?

आग्रही : तर सहा महिन्यांनी ये म्हणेन. एकटी ये, बरोबर कोणी नको.

साशंक : आणि सहा महिन्यांनी ती एकटीच आली, आणि तेच म्हणाली?

आग्रही : तर मी करेन. तुम्ही?

साशंक : मी तिला विचारेन, मधल्या सहा महिन्यांत ती कोणाकोणात वावरली. तिने मला ते का सांगावं, याचं उत्तर मात्र माझ्याकडे अजून नाही.